बारा ठिकाणचं पाणी

सोमवार, ४ मार्च

...आणि दूध उतू जाऊ नये म्हणून एक डोळा गॅसवर ठेवून मी सातवी बाटली नळाखाली धरली. केर काढून झाला होता. लेकीचा डबा भरून झाला होता. तिची एक वेणी मी घातली होती, दुसरी तिची तीच घालत होती आणि वाकडी घालत होती. आतल्या खोलीतून ह्यांनी खोकत खोकत विचारलं, "थेंब टाकलेस का?" मी म्हटलं, "टाकले. पिवळं आलं." "किती पिवळं?" "लिंबाच्या सालीइतकं." "मग झकास," ते म्हणाले. मी बूच लावलं, त्यावर कागद बांधला आणि चिठ्ठी लिहिली: ठिकाण सात, दवाखान्यामागचा नळ, सकाळी आठ वाजून पाच मिनिटं. आमच्या घड्याळात तेव्हा साडेसहा वाजले होते.

ही सात वर्षांपूर्वीची सकाळ आज का आठवली ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे वाचताना मलाच पत्ता लागायचा नाही. लेक औषधांच्या दुकानात काम करते, तिथून तिने ही डायरी आणली. म्हणाली, "आई, तू सारखी लोकांचं लिहिलेलं वाचतेस, आता थोडं आपलं लिही." दोन महिने कोरीच पडली होती.

ह्यांची नोकरी पाणीखात्यात. शहरातले बारा नळ ठरलेले. रोज सकाळी सायकलवरून बाराही ठिकाणी जायचं, स्पिरिटच्या बोळ्याने नळाचं तोंड जाळायचं, दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, बाटली भरायची, थेंब टाकून पाण्यात औषध पोचलंय का पाहायचं. साडेनऊ वाजता खात्याची गाडी आमच्या दाराशी येऊन बाटल्यांचं खोकं प्रयोगशाळेत न्यायची. छातीच्या दुखण्याने ह्यांना अंथरुणातून उठवेना, तेव्हा ते म्हणाले, "रजा घेतली तर दुसऱ्याला लावतील. चार दिवसांचा प्रश्न आहे. इथलंच भर." मी विचारलं, "चालतं का असं?" ते म्हणाले, "टाकी एकच आहे ना?"

मला पटलं. शितावरून भाताची परीक्षा करतात, मग एका टाकीच्या पाण्याला बारा शितं कशाला? चार दिवसांचे दहा आठवडे झाले.

त्या दहा आठवड्यांत बाराव्या ठिकाणी, म्हणजे अगदी टोकाच्या गल्लीत, मैल्याची नळी फुटून पाण्याच्या नळीत मिसळली. एकोणीस दिवस कुणाला कळलं नाही, कारण बाटल्या स्वच्छ होत्या. जुलाबाच्या साथीत तीन माणसं गेली. एक सात वर्षांची मुलगी होती. त्याच महिन्यात हे गेले. साथीने नव्हे, छातीने.

खटला पर्यवेक्षक साहेबांवर बरीच वर्षं चालला आणि शेवटी त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. "नमुने माझ्यासमोर घेतले" अशी त्यांची रोज सही असे आणि ते रोज गेले नव्हते. बाटल्या कुठे भरल्या ते ठरलंच नाही. ज्याला विचारायचं तो गेला होता. मला कुणी विचारलं नाही. तोवर मला ह्यांच्या जागी खात्यात घेतलं होतं. प्रयोगशाळेत बाटल्या धुते मी.

आज प्रयोगशाळेतल्या केमिस्टबाई म्हणाल्या, "ऐकलंत का? साहेब सुटले." माझ्या हातून बाटली फुटली नाही, काही झालं नाही. मी धूत राहिले. फक्त ही सकाळ आठवत राहिली, दुधासकट.

मंगळवार, ५ मार्च

काल लिहिलं ते वाचलं. "मला कुणी विचारलं नाही" हे खरं आहे. पण ते असं लिहिलंय की वाटावं, कुणी विचारलं असतं तर मी धाडकन सांगितलं असतं. तसं नाही. मला तेव्हा सांगण्यासारखं काही आहे असंच वाटत नव्हतं. लोक म्हणत होते, नळी नंतर फुटली असेल, बाटल्यांत पाणी चांगलं होतं, लोकांच्या घरातली भांडी घाण असतील. मीही म्हणत होते.

मग या थंडीत वाचनालयातून पिण्याच्या पाण्यावरचं एक जाड पुस्तक आणलं. मला तीन आठवडे लागले. मी शाळेत गेलेली नाही. लेकीच्या पहिलीच्या पुस्तकावरून तिच्याबरोबर शिकले, ती दुसरीत गेली तरी मी पहिलीतच होते. त्या पुस्तकात असं होतं की टाकीतलं पाणी टाकीपुरतं चांगलं. नळातून येतं ते टाकीपासून नळापर्यंतच्या वाटेचं पाणी. जितकी वाट लांब तितका धोका जास्त, म्हणून टोकाचा नळ कधी सोडू नये.

ते पान वाचून मी उठले आणि भांडी घासली. घासलेलीच होती.

माझ्या हातचं, दुसऱ्याने वाचावं म्हणून लिहिलेलं पहिलं लिखाण म्हणजे त्या चिठ्ठ्या. किती हौसेने लिहायची मी! खाली रेघ ओढून लिहायची, अक्षर तरंगू नये म्हणून.

शनिवार, ९ मार्च

साहेब घरी आले. दार उघडलं तर ओळखलंच नाही. पोट गेलंय. मी म्हटलं, "या साहेब." ते म्हणाले, "साहेब नका म्हणू आता, वहिनी. साहेबकी तिथेच जमा केली, कपड्यांबरोबर. सुटताना कपडे परत दिले, ती नाही दिली."

चहा केला. त्यांनी बशीत ओतून प्यायला, पूर्वी कपानेच प्यायचे. त्यांची बायको भावाकडे राहते, बोलावलं तर येत नाही. मी विचारलं, "तिथे काय काम असायचं?" "चटया विणायचो. न्यायाधीश म्हणाले होते, समाजाचं देणं फेडा. तीन वर्षं चटया विणल्या. फेडलं."

मी विचारलं, "म्हणजे त्या चटयांवर जे बसतात ते समाज का?" मला खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं. ते हसले, "तुम्ही फार वाचायला लागलात हो." मग बशी खाली ठेवली. ह्यांच्या फोटोकडे बघत म्हणाले, "तो गेला, मी भोगलं. पाटी कोरी झाली. तुम्ही मनाला काही लावून घेऊ नका."

मी काहीच म्हटलं नव्हतं. मग मनाला काय लावून घेऊ नका? बहुतेक ह्यांच्या जाण्याबद्दल म्हणाले असतील. सात वर्षांनी का होईना, समाचाराला आले, चांगलं वाटलं.

रविवार, १० मार्च

माळा साफ केला. ह्यांचे बूट निघाले. खात्याने दिलेला एकच जोड, चार वर्षं वापरला, पण माणूस इतका जपणारा की टाच अजून कोरी. लेकीला दाखवले. म्हटलं, "बघ, वस्तू कशी वापरावी. रोज बारा ठिकाणं आणि बूट बघ!" तिने बूट उलटा करून बराच वेळ तळवा बघितला. मग म्हणाली, "देऊन टाक कुणाला तरी." आणि उठून गेली. बापाची आठवण आली असेल. तिचं असंच, रडायचं झालं की उठून जाते.

स्मरणशक्ती पण कसली त्यांची! मी चिठ्ठ्या लिहायला बसले की अंथरुणातून डोळे मिटून वेळा सांगायचे: "एक नंबरला सहा दहा घाल, दोनला सहा पंचवीस, चारला जरा उशीर दाखव, तिथे चढ आहे." एकदाही अडखळले नाहीत. तापात असूनसुद्धा.

दुःख आता घरातल्या कपाटासारखं झालंय. रोज बाजूने जाते. कधीतरी कोपर लागतं.

गुरुवार, १४ मार्च

काही नाही. एकशे चाळीस बाटल्या.

रविवार, १७ मार्च

आज बारावं ठिकाण पाहिलं. मी सत्तर वेळा लिहिलं होतं, "टोकाची गल्ली, शिवणाच्या दुकानासमोरचा नळ," आणि एकदाही पाहिलं नव्हतं. सोबत पडद्याचं कापड घेतलं, कुणी विचारलं तर सांगायला. चालून चालून पाय दुखले. बस तिथवर जात नाही.

नळ आता नवा आहे, सिमेंटचा ओटा आहे. मी नुसती बघत उभी. दुकानातून आवाज आला, "सकाळचं गेलं, आता पाणी साडेपाचला येतं, बाई. तोवर त्याच्याकडे बघून येणार नाही."

दुकान म्हणजे एक खोली. पुढे मशीन, मागे पडदा, पडद्यामागे संसार. मशीनशेजारी स्टोव्हवर पातेलं उकळत होतं. शिवणवाली माझ्यापेक्षा बरीच लहान, पण केस माझ्यापेक्षा पांढरे. मी कापड पुढे केलं. तिने विचारलं, "माप खिडकीचं आणलंत की पडद्याचं?"

"खिडकीचं."

"सगळे खिडकीचं आणतात. मग पडदा आखूड झाला की शिवणवाली चोर. जाऊ द्या, मी धरते वर चार बोटं. बसा. पाणी मात्र मागू नका हं, उकळलेलं अजून निवलं नाही."

"सगळंच उकळता?"

"हात धुवायचंसुद्धा. नवरा म्हणायचा, एक दिवस मलाही उकळशील. तोही गेला, कामासाठी दुसऱ्या गावी. तिथे कच्चं पितो म्हणे, मजेत आहे."

ती हसली म्हणून मीही हसले. कोपऱ्यात पाण्याचं पिंप होतं, घासून घासून त्याचा रंग उडालेला. ती म्हणाली, "हे तिसरं. दोन घासून घासून भोकं पाडली." मग सुई दातात धरून, जशी बटणाबद्दल बोलावी तशी बोलली, "माझी मुलगी त्या साथीत गेली. नळी फुटली म्हणतात, पण त्या दिवशी नळाचं पाणी तपासलेलं होतं. कागद आहे माझ्याकडे. त्या आठवड्यात मला ताप होता, मी पिंप घासलं नव्हतं. आठवड्यातून दोनदा घासायची, त्या आठवड्यात नाही. पडदा दोन तारखेला न्या."

मी चालत घरी आले. जिथून बस मिळते तिथूनही चालतच आले.

सोमवार, १८ मार्च

पिंप.

मंगळवार, १९ मार्च

लेकीला सगळं सांगितलं. जेवताना सांगितलं, ते चुकलं. तिचा घास हातातच राहिला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी तिथेच बसून वेणी घालत होते ना. चौदा वर्षांची होते, चार नव्हे."

मग आम्ही दोघी बोललो, म्हणजे तीच जास्त बोलली. "ज्याला शिक्षा व्हायची त्याला झाली, आई. आता तू काय रांगेत उभी राहणार आहेस? मला पण द्या म्हणून?"

मी म्हटलं, "तिला वाटतं तिचं पिंप."

"तिला सांगितलंस तर मुलगी परत येणार आहे?"

"नाही."

"आपलं हे घर खात्याचं. तुझी नोकरी खात्याची. बाबांचं नाव..." इथे ती थांबली. "बाबांचं राहू दे. पण आपण दोघी राहायचं कुठे?"

ती चूक बोलत होती असं मला वाटत नाही. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "सांगायचंच असेल तर आधी वकिलाला सांग." मग थोड्या वेळाने, "नको, कुणालाच सांगू नकोस." मग भांडी घासताना, "तुला काय करायचं ते कर, पण मला विचारून केलंस असं म्हणू नकोस."

तीन वाक्यं, तीन दिशा. माझंही तसंच चाललंय, फक्त मी मोठ्याने बोलत नाही.

रविवार, २४ मार्च

वाचनालयाच्या बाहेरच्या बाकावर साहेब शेंगा सोलत बसले होते. आत पेपर वाचून झाला की ते तिथे बसतात. मी शेजारी बसले आणि मनात घोळवलेलं काही न म्हणता एकदम म्हटलं, "साहेब, त्या बाटल्या मी भरल्या."

"कुठल्या?"

"सगळ्या. शेवटच्या दहा आठवड्यांच्या. माझ्या स्वयंपाकघरात."

त्यांनी टरफलं खिशात घातली. "हळू बोला." मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही काही भरलं नाही. दुःखात माणसाला नाही नाही ते आठवतं."

"दुःखातलं नाही आठवत मला. दूध तापवत होते ते आठवतं. चिठ्ठ्या मी लिहिल्या."

"ते मला माहीत आहे."

मी विचारलं, "कसं?" ते म्हणाले, "अक्षर बदललं की सही करणाऱ्याला कळतं हो. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरल्यासारखं. एक दिवस एकदम मोत्याचे दाणे, खाली रेघ. मी म्हटलं, बायकोने मनावर घेतलं वाटतं."

"मग खटल्यात का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला त्यात ओढू?"

मला तिथेच रडू आलं. हा माणूस माझ्यासाठी तीन वर्षं चटया विणत राहिला आणि तोंडातून ब्र काढला नाही. मी हात जोडले. ते म्हणाले, "जोडू नका, लोक बघतात." मग घसा खाकरून म्हणाले, "न बघता सही केली याला तीन वर्षं. माहीत असून केली याला किती, ते मी तेव्हाच वकिलाला विचारून ठेवलं होतं. तेव्हा झाकली मूठ झाकलेलीच बरी. दोघांच्याही भल्याचं आहे."

दोघांच्या म्हणजे माझ्या आणि लेकीच्या, असं म्हणायचं असेल. शेवटी मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. मी घरी येईपर्यंत त्या हातातच होत्या.

मंगळवार, २६ मार्च

ज्याने माझ्यासाठी एवढं सोसलं त्याच्यावर उलटायचं का? सांगितलं तर त्यालाही परत ओढणार. नाही सांगितलं तर पिंप. एकाचं देणं द्यायला जावं तर दुसऱ्याचं अंगावर येतं. आड आणि विहीर तरी वेगवेगळी असतात, इथे दोन्हीकडे पाणी एकच दिसतं मला.

शुक्रवार, २९ मार्च

वाचनालयातून न्याय आणि शिक्षा यांवरचं एक पुस्तक आणलं होतं. आज परत केलं, अर्धं वाचून. त्यात पानोपानी "समाजाचे ऋण". गुन्हा करणारा समाजाचा देणेकरी होतो, शिक्षा भोगली की मोकळा होतो. वाचताना पटतं, पुस्तक मिटलं की पटत नाही. समाज कुठल्या गल्लीत राहतो? दार वाजवलं तर कोण उघडतं? साहेब तीन वर्षं देत होते, ते पोचलं कुठे? टोकाच्या गल्लीत तर पोचलेलं दिसलं नाही.

आणि मी गुन्हा केला का, हेही मला नीट सांगता येत नाही. मला माहीत नव्हतं. पण मग मी खोट्या वेळा का लिहिल्या? पाणी एकच असतं अशी माझी खात्री होती, तर "आमच्या घरचा नळ, साडेसहा" असं बारा वेळा लिहायला हवं होतं. तसं लिहायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. म्हणजे काहीतरी माहीत होतंच. किती माहीत होतं? लिंबाच्या सालीइतकं?

ह्यांना विचारलं असतं. आजही कडी लावताना एक माणूस अजून बाहेर आहे असं वाटून हात थांबतो. त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं आणि मला पटलं असतं. आता जरा भीती वाटते, की मला पटलंच असतं.

मंगळवार, २ एप्रिल

कामावरून परस्पर पडदा आणायला गेले. जायचं नव्हतं. लेकीला म्हटलं, तू जा. ती म्हणाली, "मी नाही जाणार त्या बाईसमोर." मग मीच गेले. पडदा घ्यायचा आणि निघायचं, एवढंच ठरवून.

पडदा छान शिवला होता. चार बोटं वर धरली होती तरी घडीत कळत नव्हतं. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "कळलं तर मग शिवण कसली." मी निघत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्हाला वाचता येतं ना? चष्म्यावरून वाटतं."

"येतं."

"मला माझं नाव आणि आकडे येतात. एक कागद वाचून दाखवाल? बऱ्याच जणांनी वाचलाय. पण मला वाटतं, कधीतरी कुणीतरी वेगळं वाचेल."

गादीखालून तिने प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यातून दुसरी, त्यातून कागद. प्रयोगशाळेचा अहवाल. खालचा शिक्का मी रोज बघते. मी म्हटलं, चष्मा पुसते, आणि पुसत बसले. ती वाट बघत होती. मशीनचं चाक तिने हाताने धरून ठेवलं होतं, आवाज होऊ नये म्हणून.

मी वाचलं. ठिकाण बारा. टोकाची गल्ली, शिवणाच्या दुकानासमोरचा नळ. नमुना घेतल्याची वेळ, सकाळी आठ पन्नास. औषधाचे प्रमाण, योग्य. जंतू, आढळले नाहीत. शेरा, पाणी पिण्यास योग्य.

"तारीख?"

मी तारीख वाचली.

"त्याच दिवशी," ती म्हणाली. "दुपारी शाळेतून आली, दप्तर तिथे टाकलं, दोन पेले प्याली. मी म्हटलं, अगं बसून पी. म्हणजे नळ चांगलाच होता. म्हणजे पिंपच ना?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. इथून तिथवर तयार होतं. मी काय केलं? मी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. तोच मजकूर, त्याच आवाजात. जसं काही दुसऱ्यांदा वाचल्यावर कागदच स्वतः सांगणार होता.

ती म्हणाली, "तुम्ही छान वाचता, ताई. बाकीचे घाईने वाचतात. पुढल्या वेळी आलात की अजून एकदा वाचून दाखवा."

मी हो म्हटलं आणि पडदा घेऊन बाहेर पडले. साडेपाच वाजले होते, नळाला पाणी आलं होतं, बायका भांडी घेऊन उभ्या होत्या. एकीने मला वाट दिली.

घरी आल्यावर लेकीने विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "बरं केलंस." पण तिला बरं वाटलेलं दिसलं नाही. जेवताना एकदा म्हणाली, "पडदा चांगला शिवलाय." मग दोघींनीही त्या खिडकीकडे पाहिलं नाही.

अजून मला कळलेलं नाही की दोष किती माझा, किती ह्यांचा, किती साहेबांचा. वाटे पाडता येत नाहीत. कळायची वाट बघत बसले तर ती बाई असेच लोक धरून कागद वाचून घेत राहील. मला एवढंच कळतं की जगात एकच माणूस तिला तो वेगळा वाचून दाखवू शकतो. काल वाटत होतं, तसं करणं म्हणजे साहेबांवर उलटणं. आज वाटतं, साहेबांनी मला वाचवलं असेल, पण तिला कुणी विचारलं होतं का, वाचवू का म्हणून?

हेही बरोबर आहे की नाही, ठाऊक नाही.

बुधवार, ३ एप्रिल

सकाळी लेकीला सांगितलं की मी जाते आहे. तिने कुठे ते विचारलं नाही. म्हणाली, "घर सोडायला किती दिवस देतात?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "मी दुकानात चौकशी करून ठेवते, कुणाची खोली रिकामी आहे का." मग दारापर्यंत आली आणि माझ्या खांद्यावरचा पदर नीट केला, जसा मी तिचा करते.

कामावर गेले नाही. टोकाच्या गल्लीत गेले. शिवणवाली दुकान झाडत होती. मी म्हटलं, "तो कागद ज्या बाटलीवरून झाला ती मी भरली होती. माझ्या घरच्या नळाखाली. तुमच्या नळाला त्या दिवशी कुणी हात लावला नव्हता. तेव्हाच्या दहा आठवड्यांत एकदाही नाही. तुमच्या नळीत एकोणीस दिवस मैला येत होता. पिंप कुणी तपासलंच नाही. पिंपात दोष होता असं म्हणायला कुणाकडे काही नव्हतं."

ती म्हणाली, "परत सांगा." मी परत सांगितलं.

ती म्हणाली, "तुम्ही काल दोनदा वाचलंत." मी म्हटलं, "हो."

"बाहेर व्हा," ती म्हणाली. मी बाहेर झाले. तिने दार लावून घेतलं. मी समोरच्या ओट्यावर बसून राहिले. आतून मशीनचा आवाज आला नाही, रडण्याचा आला नाही, कशाचाच आला नाही. दोन गिऱ्हाइकं येऊन दार वाजवून गेली. उन्हं डोक्यावर आली तेव्हा दार उघडलं. तिने साडी बदलली होती आणि हातात ती प्लॅस्टिकची पिशवी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चला. जिथे सांगायचं असतं तिथे सांगा."

आम्ही चालत खात्याच्या कचेरीत गेलो. वरच्या साहेबांनी दोघींना खुर्च्या दिल्या. ती बसली नाही, म्हणून मीही बसले नाही. मी पहिल्या बाटलीपासून सांगितलं. चिठ्ठ्यांचं अक्षर पर्यवेक्षक साहेबांच्या ओळखीचं होतं, हेही सांगितलं. वरच्या साहेबांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "यावर सही कराल?" मी वाचून पाहिलं आणि सही केली.